पाण्याचा दाब: उंचीवरून ओळखावा कसा आणि मोजावा कसा

आमच्या वडगावच्या घरी पूर्वी गच्चीवर पाचशे लिटरची टाकी होती आणि खालच्या न्हाणीघरातल्या शॉवरला पाणी अगदी बारीक येत असे. नळजोडणी करणाऱ्याने हजार लिटरची टाकी बसवण्याचा सल्ला दिला, कारण दुप्पट पाणी म्हणजे दुप्पट दाब असे त्याचे म्हणणे होते. घरच्यांनी पैसे खर्च करून तशी टाकी बसवली, पण शॉवरचे पाणी वाढले नाही, उलट थोडे कमीच झाले. नवी टाकी जुनीपेक्षा रुंद आणि बुटकी असल्यामुळे तिच्यातली पाण्याची पातळी पहिल्यापेक्षा खाली आली होती, हे कारण मला पुढे बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात दाबमापकांच्या दुरुस्तीचे काम शिकताना कळले. पाणी किती आहे यावर दाब ठरत नाही. ते किती उंचावर उभे आहे यावर ठरतो. या एका गोष्टीचा नीट उलगडा झाला, तर घरातला नळ, विहिरीवरची मोटर, उसाचे ठिबक आणि दवाखान्यातले रक्तदाबाचे यंत्र या सर्वांचा हिशेब एकाच रीतीने मांडता येतो.

दाब म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर पडणारे बल भागिले त्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ. विळीला धार लावली की त्याच हाताच्या जोराने भोपळा चिरला जातो, कारण तेवढाच जोर आता फार थोड्या जागेवर एकवटतो. घन पदार्थ आपला भार खालच्या दिशेने टाकतो. द्रव मात्र आपल्या वजनामुळे निर्माण झालेला दाब खाली, बाजूला आणि वरही सारखाच लावतो, आणि म्हणून पिंपाच्या कडेला भोक पडले की पाणी आडवे उसळते. स्थिर पाण्यात एखाद्या बिंदूवरचा दाब काढण्यासाठी पाण्याची घनता, गुरुत्वाकर्षणाचे त्वरण आणि त्या बिंदूपासून मोकळ्या पृष्ठभागापर्यंतची उभी उंची यांचा गुणाकार करावा लागतो. या गुणाकारात टाकीची रुंदी, आकार किंवा नळाची जाडी कोठेही येत नाही.

प्रत्यक्ष वापरासाठी एक सोपे प्रमाण लक्षात ठेवावे. दर मीटर उंचीच्या पाण्यामुळे 9.81 किलोपास्कल दाब निर्माण होतो, म्हणजेच दहा मीटर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलो भरतो. आपल्याकडे फिटर ज्याला नुसते 'एक किलो प्रेशर' म्हणतात ते हेच. तोच दाब पौंडांत सांगायचा तर दर चौरस इंचाला 14.2 पौंड आणि बारमध्ये सांगायचा तर 0.98 बार होतो. त्यामुळे रोजच्या कामात किलो आणि बार एकच मानले तरी बिघडत नाही, पण पौंड आणि किलो यांची गल्लत झाली तर चौदा पटींची चूक होते. दाबमापकाच्या तबकडीवर अनेकदा दोन्ही मोजपट्ट्या छापलेल्या असतात, म्हणून आकडा टिपताना एकक लिहायला कधीही विसरू नये.

आता आमच्याच शॉवरचा हिशेब करून पाहू. जमिनीपासून शॉवरची जाळी दोन मीटरवर, छत तीन मीटरवर, त्यावर स्लॅब आणि टाकीचा कट्टा मिळून साधारण अर्धा मीटर, आणि टाकीत पाणी काठोकाठ असताना एक मीटर. म्हणजे जाळीपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतची उंची अडीच मीटर आणि दाब पाव किलो. टाकी तळाला आली की उंची दीड मीटर उरते आणि दाब 0.15 किलोवर येतो. अशा वेळी टाकी दीड मीटर उंच लोखंडी सांगाड्यावर ठेवली तर सर्वांत कमी दाब दुपटीवर जातो. हजार लिटर पाण्याचे वजन एक टन भरते, म्हणून सांगाडा उभा करण्यापूर्वी स्लॅबखाली भिंत किंवा तुळई कोठे आहे हे बांधकामाच्या जाणकाराकडून अवश्य तपासून घ्यावे.

उंची मोजताना तिरका पाइप मोजू नये, उभे अंतर मोजावे. त्यासाठी गवंड्याकडची लेव्हलची नळी हे उत्तम साधन आहे. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके दोन ठिकाणी धरली की दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीला येऊन थांबते, मग मध्ये नळी खड्ड्यातून गेलेली असो की भिंतीवरून लोंबत असो. नळीच्या तळाशी दोन्ही बाजूंनी येणारा दाब सारखा झाल्याशिवाय पाणी थांबतच नाही. अनुभवी गवंडी मात्र काम सुरू करण्यापूर्वी नळी हातात घेऊन टिचक्या मारत शेवटपर्यंत न्याहाळतो, कारण मध्ये एखादा हवेचा बुडबुडा अडकला असेल तर तेवढ्या लांबीत पाण्याचे वजन नसते आणि दोन टोकांच्या पातळ्या खोट्या पडतात. दाब मोजणाऱ्या प्रत्येकाने ही सवय उचलावी, इतके तिचे मोल आहे.

हवेचा दाब आणि विहिरीवरची मोटर

पाण्यावर हवेचाही दाब असतो. समुद्रसपाटीवर तो 101.3 किलोपास्कल, म्हणजे 76 सेंटिमीटर उंच पाऱ्याच्या किंवा 10.3 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. इटलीच्या टॉरिचेल्लीने 1640 च्या दशकात पाऱ्याच्या नळीने हे दाखवले, आणि 19 सप्टेंबर 1648 रोजी फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने तीच नळी फ्रान्समधल्या प्युई द डोम या डोंगरावर नेली तेव्हा माथ्यावर पारा सुमारे साडेआठ सेंटिमीटर खाली उतरलेला आढळला. आपल्याला याचा अनुभव घ्यायला इतक्या दूर जावे लागत नाही. गोव्याहून चोर्ला घाटाने वर येताना कानाला दडे बसतात आणि पिशवीतले वेफर्सचे पुडे टम्म फुगतात, कारण बाहेरच्या हवेचा दाब कमी होत जातो आणि पुड्यातली हवा तेवढीच राहते.

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे येथे हवेचा दाब सरासरी 92 ते 93 किलोपास्कल असतो. दाबाचा संवेदक असलेल्या मोबाइलवर पाहिल्यास 925 च्या आसपास हेक्टोपास्कल (दहा हेक्टोपास्कल म्हणजे एक किलोपास्कल) दिसतात आणि हवामानाच्या बातमीत मात्र 1010 च्या जवळपासचा आकडा येतो. दोन्ही बरोबर असतात. बातमीतला आकडा समुद्रसपाटीच्या हिशेबाने बदलून दिलेला असतो, जेणेकरून निरनिराळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करता यावी.

याचा सर्वांत व्यावहारिक परिणाम विहिरीवर दिसतो. काठावर बसवलेली मोटर पाणी 'ओढते' असे आपण म्हणतो, पण ती आपल्या तोंडाशी हवेचा दाब कमी करते एवढेच; पाणी वर ढकलण्याचे काम विहिरीतल्या पाण्यावर पडलेली बाहेरची हवा करते. बेळगावच्या उंचीवर ही हवा जास्तीत जास्त 9.4 मीटर पाणी वर ढकलू शकते, म्हणजे कारवारच्या किनाऱ्यापेक्षा जवळजवळ एक मीटर कमी. त्यातून कोमट पाण्याच्या वाफेच्या दाबाचे अर्धा मीटरभर, पाइप व त्याच्या तळाशी बसवलेली एकमार्गी झडप, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, यांतल्या घर्षणाचे तेवढेच किंवा जास्त, आणि पंपाच्या तोंडाशी शिल्लक राहावा लागणारा दाब म्हणून दोनेक मीटर वजा केले की हाती सहा ते साडेसहा मीटर, म्हणजे वीस-एकवीस फूट उरतात. खानापूरकडे पावसाळ्यात काठाशी आलेली विहीर एप्रिल-मेमध्ये खोल जाते आणि मोटर नुसती फिरत राहते, तेव्हा बहुतेक लोक फूट व्हॉल्व्ह बदलतात किंवा जास्त अश्वशक्तीची मोटर आणतात. आधी दोरीला दगड बांधून पंपापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. ते वीस फुटांच्या पुढे गेले असेल तर मोटर विहिरीत खाली, पाण्याच्या जवळ उतरवणे हाच उपाय आहे. मोटर मोठी आणल्याने हवेचा जोर वाढत नाही. बोअरमधला पाणबुडी पंप तीनशे फुटांवरूनही पाणी आणतो याचे कारण तो पाण्यातच बसून ते वर ढकलतो, आणि त्यासाठी त्याला नऊ किलोंहून अधिक दाब निर्माण करावा लागतो.

येथे आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. बहुतेक दाबमापक भोवतालच्या हवेचा दाब शून्य धरून त्यापेक्षा किती जास्त ते दाखवतात. टायर सपाट झाला की मापक शून्य दाखवते, पण आत हवा असते आणि तिचा दाब बाहेरच्या हवेइतका असतो. निर्वातापासून मोजलेला तो निरपेक्ष दाब, आणि हवेपासून मोजलेला तो मापकी दाब. घरात, शेतात आणि कारखान्यात मापकी दाबानेच बोलले जाते; चूषणाच्या, म्हणजे पाणी ओढण्याच्या, किंवा वाफेच्या हिशेबात मात्र निरपेक्ष दाब घ्यावा लागतो.

घरच्या घरी नळीचा दाबमापक

थोडा दाब मोजायचा असेल तर यू आकाराच्या नळीपेक्षा विश्वासू साधन नाही, कारण तिच्यात बिघडण्यासारखे काही नसते. आठ मिलिमीटर आतील व्यासाची तीन मीटर पारदर्शक नळी घ्यावी. प्लायवुडच्या फळीवर ती यू आकारात, दोन्ही भुजा साठ-साठ सेंटिमीटर उभ्या राहतील अशी, क्लिपांनी बसवावी आणि उरलेली नळी एका बाजूने मोकळी सोडावी. दोन्ही भुजांच्या मध्ये मोजपट्टी चिकटवावी. फळी भिंतीला टांगताना ओळंब्याने सरळ करावी. मग नरसाळ्याने, शाईचे चार थेंब घातलेले पाणी हळूहळू ओतून दोन्ही भुजा निम्म्यापर्यंत भराव्यात आणि टिचक्या मारून बुडबुडे काढून टाकावेत. दोन्ही टोके उघडी असताना दोन्हीकडची पातळी सारखी दिसलीच पाहिजे. ती सारखी नसेल तर पुढे जाऊ नये.

आता मोकळ्या टोकाला लहान नरसाळे घट्ट बसवून त्याच्या रुंद तोंडावर फुग्याचे रबर सैलसर बांधावे. हे तोंड बादलीतल्या पाण्यात वीस सेंटिमीटर खोल धरले की एका भुजेतले पाणी साधारण दहा सेंटिमीटर उतरते आणि दुसरीतले तितकेच चढते. वाचायचा असतो तो दोन्ही पातळ्यांमधला फरक, म्हणजे वीस. पहिल्यांदा करणारे एकाच भुजेतला चढ वाचतात आणि दाब निम्मा लिहितात. रबराचा ताणही थोडा दाब अडवतो, त्यामुळे फरक वीसपेक्षा किंचित कमी भरेल. मग खोली तीच ठेवून नरसाळ्याचे तोंड खाली, आडवे, वर असे फिरवावे. रबराचा मध्य त्याच खोलीवर असेल तोवर आकडा हलत नाही. द्रवाचा दाब सर्व दिशांना सारखा असतो हे वाक्य मी शाळेत पाठ केले होते, पण माझा त्यावर विश्वास बसला तो ही नळी स्वतः बांधल्यावर, आणि म्हणून मुलांच्या हातून हा प्रयोग करून घ्यावा असे मला मनापासून वाटते.

वाचताना डोळा पाण्याच्या पातळीत ठेवावा. काचेच्या नळीत पाणी कडेला वर चढून मध्ये खोलगट होते; अशा वेळी खोलगट भागाचा तळ वाचावा आणि दोन्ही भुजांना तोच नियम लावावा. या नळीची मर्यादा उघड आहे: साठ सेंटिमीटरचा फरक म्हणजे जेमतेम 0.06 किलो. पाण्याच्या जागी 13.6 पट जड असलेला पारा भरला तर तेवढ्याच उंचीत तितक्या पट दाब मोजता येतो, परंतु पाऱ्याची वाफ विषारी असल्याने घरी किंवा शाळेत तो हाताळू नये.

रक्तदाबाचे आकडे आजही पाऱ्याच्या मिलिमीटरांत दिले जातात ते या नळीच्या परंपरेतूनच. तेथेही उंचीचा नियम चुकत नाही. दंडाला बांधलेला पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा जितके सेंटिमीटर खाली असेल तितके पाऊण-पाऊण मिलिमीटर वाचन वाढते. हात खाली लोंबत असेल आणि पट्टा पंधरा सेंटिमीटर खाली गेला असेल तर अकरा-बारा मिलिमीटर उगाच जास्त दिसतात. घरी मोजताना हात टेबलावर अशा उंचीवर ठेवावा की पट्टा छातीच्या मध्याशी येईल.

तबकडीचा दाबमापक

नळात, ठिबकमध्ये किंवा यंत्रात दाब मोजण्यासाठी घड्याळासारखा गोल मापक वापरतात. फ्रान्सच्या बूर्दोंने 1849 मध्ये त्याचे पेटंट घेतले. आत चपट्या छेदाची, कोयत्यासारखी वाकलेली धातूची नळी असते. तिच्यात दाब शिरला की चपटा छेद गोल होऊ पाहतो, नळी किंचित सरळ होते, आणि तिच्या बंद टोकाची ती हालचाल दांडी व दातेरी चकतीमार्फत काट्यापर्यंत पोहोचते. मापक उघडून आत बोटाने त्या टोकाला हलकेच ढकलले तर काटा कसा फिरतो ते दिसते. ज्याने हे एकदा पाहिले तो मापकावर कधी हातोडी आपटणार नाही.

निवड करताना नेहमीचा दाब तबकडीच्या मधल्या तिसऱ्या भागात येईल असा मापक घ्यावा. मापकाची चूक पूर्ण मोजपट्टीच्या टक्क्यांत सांगितलेली असते. सात किलोच्या मापकाची अचूकता 1.6 टक्के असेल तर त्याचा काटा कोठेही 0.11 किलोने चुकू शकतो. गच्चीच्या टाकीचा पाव किलो दाब त्याने मोजणे म्हणजे जवळजवळ निम्मी चूक पत्करणे होय. तेथे एक किलोचा मापकच हवा.

बसवताना आट्यांवर टेफलॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळावी आणि पाना खालच्या षटकोनी भागालाच लावावा. तबकडीचा डबा धरून पिळल्यास आतली नळी वाकते. दाब नसताना काटा शून्यावर आहे ना हे आधी पाहावे. नळ हळूहळू उघडावा, म्हणजे काट्याला झटका बसत नाही. नंतर दोन वाचने घ्यावीत: एक घरातले सर्व नळ बंद असताना आणि दुसरे शेजारचा नळ पूर्ण उघडून. पहिले वाचन उंचीचा दाब सांगते. दुसरे फारच खाली आले तर उंची पुरेशी असून पाइप बारीक आहे किंवा क्षार साचून चोंदला आहे, असे समजावे. आमच्याकडे टाकी बदलण्याआधी कोणी ही दोन वाचने घेतली असती, तर नेमके दुखणे पाच मिनिटांत कळले असते.

चिकोडी-निपाणीकडे उसाला ठिबक करणाऱ्यांनी गाळणीच्या आधी आणि नंतर असे दोन मापक ठेवावेत. दोन्हींतला फरक 0.5 किलोच्या पुढे गेला की गाळणी धुवावी. शेताच्या टोकाला दाब एक किलोवरून अर्ध्यावर आला तर साध्या तोटीतून पाणी निम्मे नव्हे, पण सुमारे सत्तर टक्केच पडते, आणि उतारावरच्या शेतात दहा मीटर चढ आला की एक किलो दाब तसाच खर्ची पडतो. पंपाच्या जोराने काटा थरथरत असेल तर ग्लिसरीन भरलेला मापक घ्यावा. वाफेच्या वाहिनीवर मात्र मापकाआधी वेटोळ्याची नळी हवीच, कारण तिच्यात साचलेले पाणी गरम वाफेला मापकापर्यंत पोहोचू देत नाही.

बेळगावात हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने पुष्कळ आहेत, आणि उसाच्या ट्रॉल्यांवरही तेच तंत्र वापरले जाते. तेथे दाब दोनशे किलोपर्यंत असतो. पाच सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर तो जवळजवळ चार टन जोर देतो. अशा होजला सुईच्या टोकाएवढे भोक पडले असेल तर ते हाताने चाचपून कधीही शोधू नये. त्यातून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते, जखम बाहेरून ठिपक्याएवढी दिसते आणि दुखतेही कमी, पण आतून बोट किंवा हात सडू शकतो. यंत्र बंद करून दाब उतरवावा. गळती शोधायचीच असेल तर पुठ्ठा लांब काठीला लावून फिरवावा. धार लागलीच तर वाट न पाहता त्याच तासात रुग्णालय गाठावे आणि 'तेल दाबाने आत गेले आहे' असे स्पष्ट सांगावे.

मापक वर्षातून एकदा तपासावा. कारखान्यात त्यासाठी ठरावीक क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर ठरावीक वजने ठेवून तेलाचा दाब निर्माण करतात. घरच्या मापकासाठी एवढ्या यंत्राची गरज नाही. तीन मजली इमारतीच्या जिन्यातून किंवा कोरड्या विहिरीच्या काठावरून पारदर्शक नळी खाली सोडावी, खालच्या टोकाला मापक जोडावा आणि वरून बुडबुडे न राहतील अशा बेताने पाणी भरावे. मापकाच्या मध्यापासून वरच्या पाण्यापर्यंतची उभी उंची टेपने मोजावी. नऊ मीटर भरली तर काट्याने 0.9 किलो दाखवला पाहिजे. मग पाणी सहा मीटरवर आणि तीन मीटरवर आणून पुन्हा वाचावे. प्रत्येक ठिकाणी काटा किती पुढे किंवा मागे आहे ते तारखेसह मापकाच्या पाठीमागे न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवावे.